गोधडीसाठी कापडाची व अस्तराची निवड

भाद्रपद सरत आला की नवरात्रापूर्वी घरातील सारे अंथरूण-पांघरूण धुऊन काढण्याची आपल्या खेड्यापाड्यांतील रीत आहे. नदीकाठचे खडक, विहिरीवरील थारोळी आणि शेताचे बांध या दिवसांत रंगीबेरंगी गोधड्यांनी झाकून जातात. वर्षभर घरातील लहानथोरांना ऊब देणाऱ्या गोधडीची खरी परीक्षा याच वेळी होते. काही गोधड्या धुऊन वाळल्यावर पूर्वीइतक्याच सपाट व मऊ राहतात. काहींचे अस्तर आटून काठ आत ओढले जातात, काहींचा तांबडा रंग पांढऱ्या तुकड्यांवर उतरतो, तर काहींच्या पोटातील चिंध्या गोळा होऊन एका कोपऱ्यात जमतात. अशा वेळी दोष बहुधा शिवणाऱ्या हाताला दिला जातो. वस्तुतः पुष्कळदा हात कुशल असतो. चुकलेली असते ती कापडाची निवड.

शेतीविषयक पत्रिकेत गोधडीचा विचार कशासाठी, असे कोणास वाटण्याचा संभव आहे. त्याला दोन कारणे आहेत. पहिले असे की, पूर्वी घरातील जुने कापड म्हणजे सुती लुगडे, धोतर, पंचा व सदरा एवढेच असे. त्यामुळे जे हाती येईल ते गोधडीत घातले तरी फारसे बिघडत नसे. गेल्या काही दशकांत साडीपासून शाळेच्या गणवेषापर्यंत सर्वत्र कृत्रिम धाग्याचे कापड आले आहे, आणि जुन्या कपड्यांच्या गाठोड्यात सुती व कृत्रिम यांची सरमिसळ झाली आहे. दुसरे कारण याहून गंभीर आहे. पिकांवर औषधे फवारताना वापरलेले कपडेही फाटले की याच गाठोड्यात जातात, आणि तेथून ते घरातील बालकाच्या अंगावर येतात. यास्तव गोधडीला टाका घालण्यापूर्वी गाठोड्यातील कापडाची पारख कशी करावी, याचा विचार येथे केला आहे.

गोधडीचे तीन थर

गोधडी म्हणा, वाकळ म्हणा किंवा तान्ह्या मुलाचे दुपटे म्हणा, त्यांची रचना एकच असते. सर्वांत खाली अस्तर, मध्ये भरणा आणि वर जोडलेल्या तुकड्यांचा पृष्ठभाग. हे तिन्ही थर धावदोऱ्याच्या जवळजवळ ओळींनी एकमेकांस जखडलेले असतात. गोधडी उबदार होते ती केवळ कापडाच्या वजनाने नव्हे. थराथरांमध्ये अडकून राहिलेली स्थिर हवा शरीराची उष्णता बाहेर जाऊ देत नाही, आणि तीच खरी ऊब होय. म्हणून पाच मऊ, झिरझिरीत थरांची गोधडी ही दोन जाड व कडक थरांच्या गोधडीपेक्षा अधिक उबदार व वापरण्यास हलकी ठरते.

ऊब जितकी महत्त्वाची, तितकेच घाम शोषून घेणे महत्त्वाचे. प्रमाणित हवामानात १०० ग्रॅम कोरड्या सुती धाग्यात सुमारे ८.५ ग्रॅम बाष्प सामावते. पॉलिएस्टरच्या तितक्याच धाग्यात ते अवघे ०.४ ग्रॅमच्या आसपास असते. कृत्रिम कापडाची गोधडी पांघरली असता प्रथम उकडते, अंगाला चिकटा येतो आणि पहाटे तोच ओलावा गार लागतो, याचे कारण या फरकात आहे.

विस्तवाचा धोका तर उघडच आहे. सुती कापडही पेट घेते, हे विसरता कामा नये. परंतु पॉलिएस्टर सुमारे २५० ते २६० अंश सेल्सिअस उष्णतेस वितळते व त्याचा कढत रस त्वचेस चिकटून खोल जखम करतो. दिवाळीच्या सुमारास बीड व शेजारच्या जिल्ह्यांतून ऊसतोडणीसाठी निघणारी कुटुंबे हंगामभर कोपीत राहतात. तेथे चूल आणि अंथरूण यांमध्ये फारसे अंतर नसते. अशा कुटुंबांसाठी गोधडीचे कापड सुती असणे ही हौस नसून सुरक्षिततेची बाब आहे.

प्रथम वर्ज्य कोणते ते ठरवा

गाठोडे सोडल्यावर सर्वप्रथम एकच प्रश्न विचारावा : यातील कोणता कपडा फवारणीच्या वेळी अंगावर होता? तो सदरा असो, पायजमा असो, डोक्याला गुंडाळलेले उपरणे असो की तोंडावर बांधलेला पदराचा तुकडा असो, तो गोधडीत घालू नये. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. विषारी औषध श्वासावाटे जसे शरीरात जाते, तसेच ते भिजलेल्या कपड्यातून त्वचेवाटेही जाते, हा धडा त्या दुर्घटनेने पुन्हा एकदा शिकविला.

साबणाने स्वच्छ धुतलेला कपडा पूर्णपणे निर्विष झाला असे समजणे चुकीचे आहे. धुण्याने औषधाचा अंश कमी होतो, पण सर्वच औषधे पूर्णपणे निघून जात नाहीत. विशेषतः पाण्यात न मिसळलेले मूळ औषध ज्या कपड्यावर सांडले असेल तो कपडा धुऊनही वापरण्याजोगा राहत नाही. गोधडीत असा तुकडा आतल्या थरात गेला की तो दिसत नाही, आणि दररोज आठ-आठ तास अंगाशी राहतो. तान्ही मुले तर गोधडीचा कोपरा तोंडात घालतात. एका वस्तीवर भेटीस गेलो असता प्रस्तुत लेखकाने एका दुपट्याच्या उसवलेल्या कडेतून डोकावणारा निळा तुकडा पाहिला. चौकशी करता तो मुलाच्या वडिलांच्या फवारणीच्या सदऱ्याचा निघाला. त्या माऊलीने काटकसरीच्या बुद्धीने तो वापरला होता. कोणी तिला सांगितलेच नव्हते. दुपटे त्याच दिवशी उसवले गेले.

हाच नियम पिशव्यांना लागू आहे. औषध लावलेल्या बियाण्याच्या कापडी पिशव्या दिसावयास चांगल्या असल्या तरी त्यांचा उपयोग करू नये. रासायनिक खतांची विणलेली पोती ओल अडविण्यासाठी गोधडीच्या पोटात घालण्याची पद्धत काही ठिकाणी आढळते. तीही सोडून द्यावी. अशा पोत्यातून घाम बाहेर जात नाही, पोत्याचे धागे ऊन लागून भुरभुरतात, आणि खताचा अंशही त्यात राहिलेला असतो. जमिनीची ओल अडवावयाची असल्यास स्वच्छ ताडपत्री किंवा चटई गोधडीखाली वेगळी अंथरावी.

फवारणीचे कपडे वेगळे ठेवावेत, घरातील इतर कपड्यांपासून वेगळे धुवावेत, आणि फाटल्यावर त्यांचे पुसणे किंवा बोचकेही करू नये, हे ओघाने आलेच.

कापड ओळखण्याच्या सोप्या परीक्षा

वर्ज्य कपडे बाजूला काढल्यानंतर उरलेल्या कापडांची जात ओळखावी. त्यासाठी पुढील परीक्षा घरच्या घरी करता येतात.

१. जाळण्याची परीक्षा : कापडाच्या कडेचे चार-सहा धागे काढून चिमट्यात धरावेत व खाली पाण्याची थाळी ठेवून निरांजनाच्या ज्योतीजवळ न्यावेत. सुती धागा चटकन पेटतो, जळत्या कागदासारखा वास येतो आणि मऊ करडी राख उरते. पॉलिएस्टरचा धागा ज्योतीपासून आखडतो, वितळतो आणि थंड झाल्यावर काळा टणक मणी बनतो. राखेत कठीण खडे लागले तर कापड मिश्र, म्हणजे टेरीकॉटसारखे आहे असे समजावे. लोकरीला जळत्या केसांचा वास येतो. ही परीक्षा मोठ्या माणसाने, मोकळ्या जागी व कपड्यांच्या ढिगापासून दूर करावी.

२. ओल्या धाग्याची परीक्षा : रेयॉनचे कापड मऊ असते व सुतासारखेच जळते, त्यामुळे जाळण्याच्या परीक्षेत ते फसविते. अशा वेळी धागा मध्यभागी ओला करून ओढावा. सुती धागा ओला झाल्यावर अधिक बळकट होतो. रेयॉनचा धागा ओल्या जागी सहज तुटतो. गोधडी धुताना ओली होऊन जड होते, म्हणून रेयॉनचे कापड अस्तरास कधीही योग्य नाही.

३. अंगठ्याची परीक्षा : जुने कापड दोन्ही हातांत ताणून धरावे व दोन्ही अंगठ्यांनी मध्यभागी दाब द्यावा. कापड चरचरले किंवा विरले तर ते अस्तरास व वरच्या बाजूस निरुपयोगी, परंतु भरण्यास चालेल. त्यानंतर ते उजेडाकडे धरून पाहावे. साडीचे काठ व पदर पुष्कळ दिवस टिकतात. बसण्याउठण्याने घासला जाणारा भाग मात्र आधी विरतो. एकाच साडीतील मजबूत भाग अस्तरास व विरळ भाग भरण्यास घेणे हेच शहाणपणाचे.

अस्तर कसे असावे

गोधडीचे आयुष्य मुख्यतः अस्तरावर अवलंबून असते. अंगाशी तेच लागते, जमिनीवर तेच घासते आणि धुताना सर्व थरांचा भार तेच सोसते. म्हणून अस्तर सलग, मऊ, घट्ट विणीचे आणि निव्वळ सुती असावे. वीण विरळ असल्यास आतील तंतू बाहेर येतात. उलटपक्षी कापड कॅनव्हाससारखे दाट असल्यास सुई जात नाही व टाके लांब पडतात.

या दृष्टीने जुने सुती नऊवारी लुगडे सर्वांत उत्तम. वर्षानुवर्षे धुतल्याने ते जेवढे आटावयाचे तेवढे आटलेले असते, त्याची खळ निघून गेलेली असते आणि कच्चा रंगही उतरून गेलेला असतो. पण आज ज्या घरात सुती लुगडे उरलेले नाही, तेथे निराश होण्याचे कारण नाही. सुती धोतर, लुंगी, पलंगाची सुती चादर ही सर्व अस्तरास योग्य आहेत. साडीखालचे सुती परकर हे तर दुर्लक्षिलेले साधन आहे. साडी कृत्रिम धाग्याची असली तरी परकर पुष्कळदा सुती असतो. नाडीची पट्टी व घेराची शिवण उसवली की त्यातून चांगले रुंद तुकडे मिळतात.

यांपैकी काहीच नसल्यास बाजारातून कोरा मांजरपाट घ्यावा, मात्र तो तसाच वापरू नये. येथे स्वतःची एक चूक सांगणे उचित ठरेल. काही वर्षांपूर्वी एका गावातील महिला स्वयंसहाय्य गटाच्या शिवणवर्गासाठी प्रस्तुत लेखकाने मोठ्या उत्साहाने कोरा मांजरपाट आणून दिला. गोधड्या सुबक झाल्या. पहिल्याच धुण्यात अस्तर आटले आणि वरची बाजू फुगून तिला चुण्या पडल्या. गटातील एक वृद्ध आजी हसून म्हणाल्या, “साहेब, कोरं कापड पाण्यातनं काढल्याबिगर जुन्याला जोडू नये. त्यानं जुन्याला ओढलं बघा.” कृषिविद्येच्या पदवीत जे नव्हते ते त्या माऊलीच्या अनुभवात होते. दोन मीटर लांबीचे अस्तर शंभर सेंटिमीटरमागे पाच सेंटिमीटर आटले, तरी गोधडी दहा सेंटिमीटर आखूड होते. आणि आधीच आटलेले जुने कापड तिच्याबरोबर आखूड होत नाही. म्हणून कोरे कापड रात्रभर पाण्यात भिजवावे, सकाळी साबणाने धुऊन खळ काढावी, उन्हात वाळवावे, आणि हीच कृती पुन्हा एकदा करावी. खळ राहिल्यास तिच्या आशेने कसर व झुरळे येतात, हाही तोटा टळतो.

अस्तराचा हिशेब

सामान्यतः एका माणसाची गोधडी २ मीटर लांब व १.५ मीटर रुंद, म्हणजे सुमारे साडेचार हात लांब व सव्वातीन हात रुंद असते. कडा वर मुडपून शिवण्यासाठी अस्तर चारही बाजूंनी ५ सेंटिमीटर जादा, म्हणजे २.१ बाय १.६ मीटर घ्यावे.

साडीचा पन्हा साधारणतः १.१५ मीटर धरल्यास एका पन्ह्यात हे अस्तर बसत नाही. जोड द्यावा लागतो. पुष्कळ ठिकाणी दोन पन्हे मध्यभागी जोडतात. त्यामुळे शिवणीची जाड रेघ बरोबर पाठीखाली येते, रुतते आणि तेथेच कापड आधी झिजते. त्याऐवजी २.१ मीटर लांबीचा पूर्ण पन्हा मध्ये ठेवावा व त्याच्या दोन्ही बाजूंस २६ सेंटिमीटर रुंदीच्या तितक्याच लांब पट्ट्या जोडाव्यात. शिवणीत दीड-दीड सेंटिमीटर गेले तरी एकूण रुंदी १.६ मीटर भरते. साडेपाच मीटर लांबीची एक सुती साडी याला पुरून उरते. सव्वाआठ मीटर लांबीच्या नऊवारी लुगड्याचा कपडा मजबूत राहिला असेल, तर अस्तर काढून वरच्या बाजूसही पुष्कळसे कापड मिळते.

पट्ट्या फाडताना किंवा कापताना उभ्या धाग्याची दिशा गोधडीच्या लांबीस समांतर ठेवावी. तिरके कापलेले कापड ताणले जाते व गोधडी वाकडी होते.

भरणा व वरची बाजू

भरण्यास विरलेले सुती कापड उत्तम, परंतु ते चिंध्यांच्या रूपाने कोंबू नये. शक्य तेवढे मोठे तुकडे सपाट पसरावेत, त्यांच्या कडा एकमेकींवर दोन बोटे चढतील असे पाहावे आणि मोठ्या कच्च्या टाक्यांनी ते अस्तरास जखडून घ्यावेत. सुट्या चिंध्या पहिल्या दोन-तीन धुण्यांत गोळा होतात. बनियन व टी-शर्टचे विणकाम ताणले जाणारे असते. ते उसवून सपाट केल्यास मधल्या थरास चालते, अस्तरास नाही. शिवणींचे जाड जोड, बटणे, हूक व साखळ्या काढून टाकाव्यात. घोंगडीचे तुकडे भरण्यात घालण्याचा मोह टाळावा. लोकर गरम पाण्याने व चोळण्याने दाटते आणि आटते, सुती कापड तसे करीत नाही. घोंगडी वेगळी अंथरून तिच्यावर गोधडी घालणेच चांगले.

वरची बाजू ही गृहिणीच्या रंगदृष्टीची जागा. तेथे आम्ही काही सांगावे असे नाही. एवढेच पाहावे की, शेजारशेजारचे तुकडे साधारण सारख्या जाडीचे असावेत. जाड जीनच्या तुकड्याशेजारी विरळ मलमलीचा तुकडा जोडला तर मलमल शिवणीशी फाटते. टेरीकॉटचे थोडे तुकडे वापरणे भागच असेल तर ते केवळ वरच्या बाजूस घ्यावेत आणि ती गोधडी चुलीजवळ वापरू नये. दुपट्यात मात्र असे तुकडे मुळीच घेऊ नयेत. जर, टिकल्या व खडे लावलेला पदरही त्यास वर्ज्य समजावा.

रंगाची परीक्षा प्रत्येक नव्या, विशेषतः तांबड्या व गडद निळ्या कापडाची करावी. कापडाचा कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर जोराने घासावा. डाग पडल्यास ते कापड वेगळे भिजवून, पाणी निवळ येईपर्यंत पुन्हा पुन्हा धुवावे. मिठाच्या पाण्यात बुडविल्याने कच्चा रंग पक्का होतोच असे नाही. तेव्हा त्यावर विसंबून राहू नये. पाणी निवळ येतच नसेल तर ते कापड सोडून द्यावे.

दोरा व निगा

जुन्या सुती कापडास सुती दोराच शोभतो व मानवतो. पॉलिएस्टरचा दोरा तुटत नाही हे खरे, परंतु ताण पडला की तो मऊ झालेल्या कापडासच कापतो. दोरा तुटला तर पुन्हा टाका घालता येतो; कापड कापले गेले तर ठिगळ लावावे लागते. धावदोऱ्याच्या दोन ओळींत सुमारे दोन बोटांचे अंतर ठेवावे, म्हणजे आतील थर सरकत नाहीत. थर इतकेच घ्यावेत की सुई एका दमात आरपार जाईल. अति जाड गोधडी धुतल्यावर उचलत नाही, आतून वाळत नाही आणि ओल राहून तिला कुबट वास येतो. दोन मध्यम गोधड्या एका जड गोधडीपेक्षा केव्हाही सोयीच्या.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस सूचना

गावातील स्वयंसहाय्य गटाच्या बैठकीत किंवा अंगणवाडीत मातांच्या सभेच्या वेळी या विषयाचे प्रात्यक्षिक अर्ध्या तासात करता येते. प्रत्येकीस घरातील चार जुने कपडे आणण्यास सांगावे व त्यांचे चार ढीग करून दाखवावेत : अस्तराचे, भरण्याचे, वरच्या बाजूचे आणि वर्ज्य. जाळण्याची परीक्षा सर्वांसमक्ष करावी. वितळलेला काळा मणी एकदा डोळ्यांनी पाहिला की वेगळे व्याख्यान द्यावे लागत नाही. कृषी विज्ञान केंद्रातील गृहविज्ञान विषयाच्या तज्ज्ञांचे साहाय्य मिळाल्यास अवश्य घ्यावे. त्याचबरोबर शिवणकामात ज्यांचा हात मुरलेला आहे अशा गावातील वृद्ध स्त्रियांना पुढे बसवावे. या विषयातील पुष्कळसे ज्ञान त्यांच्यापाशी आहे.

पुरुष शेतकऱ्यांच्या सभेतही एक गोष्ट आवर्जून सांगावी. फवारणीचा सदरा कोणता, हे घरातील स्त्रीस माहीत असतेच असे नाही. ते फवारणी करणाऱ्यास माहीत असते. त्याने त्या कपड्याच्या आतील बाजूस गळ्यापाशी ठळक रंगीत दोऱ्याची खूण घालावी आणि ती खूण घरात सर्वांना सांगून ठेवावी. कपडा जुना झाल्यावर गाठोडे कोणीही सोडले, तरी खुणेचा कपडा वेगळा निघेल.

येत्या उन्हाळ्यात शेतीची कामे सैल झाली की घरोघर सुई-दोरा हाती घेतला जाईल. त्यापूर्वी प्रत्येक गावात निदान एकदा हे प्रात्यक्षिक झाले, आणि एकाही बालकाच्या दुपट्यात फवारणीचा तुकडा गेला नाही, तर या लेखाचा हेतू सफल झाला असे म्हणता येईल.